तीनशे अठरा नंबरचा बिल्ला

माणूस कसा आहे ते तो हत्यार परत कसं करतो त्यावरून कळतं, असं कादिरभाई पारकरांचं मत होतं, आणि सत्तावीस वर्षांत ते बदलावं असं त्यांना काही दिसलं नव्हतं. पाना पुसून, मूठ समोरच्याकडे करून देणारा माणूस लग्नात शेवटच्या पंगतीला जेवतो. खिडकीतून आत भिरकावणारा नमाजाला उशिरा येतो आणि पहिल्या रांगेत घुसतो. आणि हत्यार देऊन झाल्यावरही जो खिडकीशी रेंगाळतो, त्याला एक तर सुटी हवी असते, नाही तर काहीतरी बिनसलेलं असतं.

जानेवारीतल्या त्या दुपारी तौकीर मुकादम रेंगाळला.

खिडकी म्हणजे जेद्दाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यातल्या टूल स्टोअरची. बाहेर माणसं, आत हत्यारं, मध्ये जाळी, कादिरभाई आणि त्यांचं रजिस्टर. तौकीर लॅपिंगच्या नऊ जणांपैकी एक. व्हॉल्व्हची झडप आणि तिची बैठक यांची धातूची तोंडं पेस्ट लावून, हातानं इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची, इतकी की मिटल्यावर मधून हवासुद्धा जाऊ नये, हे त्यांचं काम. राबिघच्या रिफायनरीपर्यंत त्यांच्या हातचा माल जायचा. रत्नागिरीजवळच्या एकाच खाडीच्या दोन काठांवर कादिरभाईंचं आणि तौकीरचं गाव. कादिरभाईंचं बिऱ्हाड गावी, ते स्वतः कंपनीच्या खोलीत. तौकीरचं बिऱ्हाड इथं, अझीझियात. त्यामुळे शुक्रवारचं जेवण कायम तौकीरकडे.

"कादिरभाई, ऐकलं का काही?"

"ऐकायला मी काय रेडिओ आहे? व्हर्नियर दे आधी."

तौकीरनं व्हर्नियर दिला. पुसून. "यज्ञेशसरांनी शिकागोचा एक बंद पडलेला कारखाना उचललाय. अख्खा. अकरा कंटेनर बंदरात येऊन पडलेत. लॅपिंगची चार यंत्रं आहेत त्यात."

"बरं मग?"

"मग आम्ही नऊ जण कशाला? आमचे इकामे पंधरा मार्चला संपतात. त्याआधी यंत्रं पास झाली तर खलास, फायनल एक्झिट, कायमचं घरी. नाही झाली तर कंपनी आणखी तीन महिने वाढवणार. एचआरवाल्यानं तोंडावर सांगितलं."

इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला. कादिरभाईंनी रजिस्टरात सहीसाठी बोट ठेवलं, पण तौकीर सही करेना.

"नूरैनचा शेवटचा पेपर चार एप्रिलला आहे," तो म्हणाला. "बारावी. माझा इकामा गेला की तिचाही गेला. परीक्षेचं केंद्र बदलायची मुदत कधीच संपली. म्हणजे पोरीचं वर्ष गेलं."

"काहीतरी होईल."

"होईल ना. तुम्ही लिहून ठेवा. लाल शाईनं. सवय आहेच तुम्हाला."

एवढं बोलून सही करून तो गेला. तो हसत म्हणाला होता, पण कादिरभाईंना ते हसू ओळखीचं होतं. आठ वर्षं ते त्याच जागी दुखत होतं.

आठ वर्षांपूर्वी तौकीरच्या नावावरचा एक मायक्रोमीटर हरवला. तो म्हणाला, परत केला. कादिरभाई म्हणाले, रजिस्टरात नाही. रजिस्टरात नाही म्हणजे जगात नाही, असा त्यांचा खाक्या. लाल शाईत नोंद झाली, वर कळवलं गेलं, तौकीरला सगळ्यांसमोर इशाऱ्याचं पत्र मिळालं. तिसऱ्या महिन्यात झुरळांची फवारणी करायला कपाट हलवलं, तर मायक्रोमीटर मागे पडलेला. घाईत कादिरभाईंनीच तो कपाटावर ठेवला होता आणि नोंद करायची राहिली होती. त्या दिवशी त्यांनी रजिस्टरात "सापडला" असं लिहिलं, निळ्या शाईत, आणि तो आपल्या खणात ठेवला. येत्या शुक्रवारी सांगू, म्हणाले. शुक्रवारी तौकीरच्या बायकोनं, साबिरानं सांदणं केली होती, सगळे मजेत होते, विषय काढवेना. पुढच्या शुक्रवारी पाहुणे. मग वर्ष झालं. मग असं झालं, की मायक्रोमीटर सापडला हे सांगायचं तर इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार. दुसऱ्याची एक चूक न सोडणारा माणूस स्वतःची अशी खणात ठेवून बसला होता, आणि खणाची किल्ली कमरेला.

कंटेनर उघडले तेव्हा कादिरभाईंना सगळ्यात आवडली ती यंत्रं नव्हेत, तर शिकागोच्या टूल स्टोअरचा फळा. दरवाजाएवढा, लाकडी, तेलानं काळा पडलेला. प्रत्येक हत्याराला एक खिळा, खाली त्याचं नाव. सोबत पत्र्याच्या डब्यात पितळी बिल्ले, रुपयाएवढे, प्रत्येकावर ठोकलेला नंबर. पद्धत बघताक्षणी त्यांच्या लक्षात आली: कामगारानं हत्यार न्यायचं आणि त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला लावायचा. हत्यार आलं की बिल्ला परत. लिहायला नको, सही नको. सत्तावीस वर्षं रजिस्टर घासण्यात गेली आणि तिकडे शिकागोत लोक खिळ्यावर काम भागवत होते, याचा त्यांना थोडा रागच आला.

मग त्यांनी मोजायला घेतलं. अडतीस खिळे असे निघाले की हत्यार नाही, पण बिल्ला आहे. त्यांनी लगेच तुटीचा अहवाल लिहिला आणि यज्ञेशसरांकडे नेला. यज्ञेश ठाण्याचा, चाळिशीतला, उत्पादनाचा मॅनेजर. एका हातात कायम फोन.

"कादिरभाई, भंगाराच्या भावात घेतलंय सगळं. अडतीस पाने-पकडींचं काय घेऊन बसलात?"

"तूट ती तूट, सर."

"बरं, ठेवा. आणि तो फळा भंगारात टाका."

कादिरभाईंनी अहवाल फाइलला लावला आणि फळा खिडकीमागे. डब्यातले बिल्ले लिंबानं घासून चकचकीत केले आणि लॅपिंगच्या नऊ जणांना एकेक वाटला. तौकीरला सत्त्याहत्तर नंबर आला.

"हे काय, गुरांच्या गळ्यातलं?" तौकीर म्हणाला.

"वापर. निदान सह्या वाचतील तुझ्या."

"दोन महिन्यांसाठी?"

कादिरभाईंनी खिडकीची जाळी पुसायला घेतली.

यंत्रांबरोबर माणूसही आला होता. युजीन. एकाहत्तर वर्षांचा, पांढऱ्या दाट भुवयांचा, चालताना डावा पाय जरा टाकणारा. शिकागोच्या त्या कारखान्यात या यंत्रांवर त्यानं चव्वेचाळीस वर्षं काढली होती, आणि ती बसवता येणारा जिवंत माणूस दुसरा सापडला नाही म्हणून दलालानं त्याला करार करून आणलं होतं. तो पहिल्याच दिवशी खिडकीशी आला, लेव्हल मागितली, संध्याकाळी पुसून, मूठ समोर करून परत दिली. कादिरभाईंनी मनातल्या मनात त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं.

कादिरभाईंचं इंग्रजी वर्कशॉपमधलं आणि युजीनचं शिकागोचं, पण हत्यारांची नावं सारखीच होती, त्यामुळे अडलं नाही. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाहून कादिरभाई परतले की युजीन खिडकीबाहेर खोक्यावर थर्मास घेऊन बसलेला असायचा.

"मी लागलो तेव्हा आम्ही सहाशे वीस होतो," त्यानं एकदा सांगितलं. "आमच्या रस्त्यावर तसे नऊ कारखाने. सकाळी भोंगे वाजले की कुठला कोणाचा ते आम्ही पोरं डोळे मिटून ओळखायचो. आधी टीव्हीचा गेला, मग चॉकलेटचा, मग दिव्यांचा. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, आपलं काम वेगळं आहे."

"मग?"

"मग नाक्यावरची खानावळ गेली. चर्चमधली दुपारची प्रार्थना बंद झाली, माणसंच नाहीत म्हणून. शेवटी आम्ही एक्केचाळीस उरलो. आता त्या इमारतीत श्रीमंतांचे फ्लॅट आहेत. दारावर आमच्याच कारखान्याचं नाव ठेवलंय. शोभेला."

"तुमची मुलं?"

"एक मुलगा. गोदामात खोकी भरतो. हातात यंत्र बांधलंय त्याच्या, किती पावलं चालला ते मोजतं." युजीननं थर्मासचं झाकण फिरवलं. "तू मोजतोस तसंच, पण त्याला माणूस दिसत नाही."

हे कौतुक आहे की टोमणा, यावर कादिरभाई रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत होते.

तीन यंत्रं जागेवर बसली, चौथंही बसलं, आणि गाडी अडली. यंत्रांना शून्य कुठं ते दाखवणारा एक पोलादी ठोकळा लागतो, मुठीत मावेल एवढा. मास्टर गेज म्हणतात त्याला. तो लावल्याशिवाय यंत्र फिरतं, पण कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही. युजीननं यज्ञेशला सांगितलं, गेज मिळत नाही. अकराच्या अकरा कंटेनर पुन्हा उपसले. खिळ्यांचे डबे गाळून झाले. गेज नाही.

कादिरभाईंनी उपसलं काही नाही. ते फळ्यासमोर उभे राहिले. वरून तिसऱ्या ओळीत "मास्टर गेज" असा खिळा होता, आणि त्यावर बिल्ला होता. तीनशे अठरा.

दोन दिवसांनी युजीननं आपली छोटी हातोडी खिडकीच्या फळीवर ठेवली, चष्मा पुसायला. स्वतःची हातोडी, शिकागोहून आणलेली. दांड्यावर जुन्या कामगारांच्या पद्धतीप्रमाणे नंबर ठोकलेला होता. कादिरभाईंनी तो वाचला, मागे वळून फळ्यावरचा बिल्ला काढला आणि हातोडीशेजारी ठेवला. सत्तावीस वर्षांत ते एवढं शिकले होते, की आकडा समोर ठेवला की आपण बोलायचं नसतं.

युजीननं चष्मा डोळ्यांवर चढवला. बिल्ला वाचला.

"हॉटेलात आहे," तो म्हणाला. "मोज्यात गुंडाळून."

"चोरी?"

"नाही." हा शब्द त्यानं जरा जोरात उच्चारला. "शेवटच्या दिवशी केक कापला मालकांनी. आम्ही हत्यारं परत करायला रांगेत उभे. खिडकीशी मिस ओडेल होती, तुझ्यासारखीच, तीस वर्षं. एक स्क्रू जाऊ द्यायची नाही. त्या दिवशी ती म्हणाली, ज्याला जे न्यायचं ते न्या, फक्त बिल्ला लावून जा. ज्यानं बिल्ला लावला तो चोर नाही, त्याच्याकडे हत्यार दिलेलं आहे एवढंच. अडतीस जणांनी नेली. मी गेज नेलं. ते मीच बनवलं होतं, तरुणपणी, हातानं घासून. सात आठवडे लागले होते."

"मग इथं आणलंत कशाला? आणि आणलंत तर काढत का नाही?"

"आणलं कारण करार केलाय. काढत नाही कारण पहिल्या दिवशी तुमचे ते नऊ जण पाहिले." युजीननं हवेत बोटानं आठचा आकडा काढला. "माझ्या बापाचा हात असाच फिरायचा. एक कारखाना बंद होताना मी पाहिलाय, कादिर. तेव्हा निदान कुलूप लावायची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती."

बाहेर फोर्कलिफ्ट मागे सरकताना पी-पी करत होती.

"पण सही ती सही," युजीन म्हणाला. "रविवारी काढून देतो. तू बोलू नकोस, मीच सांगेन कुठल्यातरी खोक्यात मिळालं म्हणून."

कादिरभाईंच्या तोंडावर आलं होतं, आत्ता आणा. हत्यार बाहेर आहे म्हटलं की त्यांना चैन पडायची नाही, मग ते कुणाचं का असेना. आज गेज लागलं तर आठवड्यात यंत्रं पास, मार्चच्या मध्याला तौकीर विमानात. नवीन गेज बाहेरून मागवलं तर नऊ आठवडे. त्यांनी बोटं मोजली. नऊ आठवडे म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा.

"रविवारी द्या," ते म्हणाले. "शुक्रवारी जेवायला चला."

अझीझियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत साबिरानं सुरमईचं कालवण आणि सांदणं केली होती. एवढा मोठा गोरा माणूस दारातून वाकून आत आलेला बघून ती ओढणी सावरत म्हणाली, "भाई, आधी सांगायचं होतं ना. खुर्ची तरी मागवली असती शेजारून."

"तो खाली बसतो. बाप तौकीरसारखाच कारागीर होता त्याचा."

"हो का? बरं, तुम्ही हत्यारं मोजता तशी सांदणं मोजू नका. जास्त केलीत."

युजीन खाली बसला, उठताना दोघांनी धरावं लागेल हे माहीत असूनही. त्यानं पाच सांदणं खाल्ली. मोजू नका म्हटल्यावरही कादिरभाईंनी मोजलीच. तौकीरनं खिशातून आपला पितळी बिल्ला काढून त्याला दाखवला, थट्टेनं, हे बघा तुमच्या गावचं दिलंय आम्हाला म्हणून. युजीननं तो हातात घेतला.

"सत्त्याहत्तर. हा फ्रँकचा." तो बिल्ला अंगठ्यानं चोळत राहिला. "पेस्ट लावल्यावर झडप कानाशी धरायचा. आवाजावरून सांगायचा झालं की नाही."

कादिरभाईंनी तौकीरला याचं मराठी करून सांगितलं. तौकीरचा घास हातातच राहिला. तोही झडप कानाशी धरायचा, आणि त्यावरून सगळे त्याला हसायचे.

"आता कुठं असतो तो?" तौकीरनं विचारलं.

"कारखाना गेला त्या वर्षी गेला," युजीन म्हणाला, आणि पाण्याचा पेला उचलला.

पाणी संपलं म्हणून नूरैन फ्रिजकडे गेली. फ्रिजवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं होतं, प्रत्येक पेपरापुढे पेन्सिलीनं चौकोन. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. शेवटचा चौकोन चार एप्रिलचा. पंधरा मार्चला लाल रेघ मारून तिनं वेळापत्रकाचे दोन तुकडे केले होते. युजीन बघत होता. त्यानं विचारलं, ही रेघ कसली?

"दॅट्स अब्बाज इकामा, अंकल," नूरैन सहज म्हणाली, बसचं वेळापत्रक सांगावं तशी. "आफ्टर दॅट वी गो. इट्स ओके. आय विल रिपीट."

"काय म्हणाली?" साबिरानं विचारलं.

"काही नाही अम्मी, पेपर की बात."

साबिरानं कादिरभाईंकडे पाहिलं. कादिरभाईंनी वाटीतलं कालवण ढवळलं.

परत येताना टॅक्सीत युजीननं काच खाली केली. मग म्हणाला, "तू मला जेवायला नेलं नव्हतंस."

"जेवलात ना?"

"जेवलो."

"मग जेवायलाच नेलं होतं."

रविवारी सकाळी नऊ वाजता यज्ञेश खिडकीशी आला. मालकांचा फोन येऊन गेलेला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. युजीन त्याच्या शेजारी उभा, हात खिशात.

"कादिरभाई, मला सरळ उत्तर हवंय. ते गेज आपल्या आवारात हरवलंय का? तुमच्या ताब्यातून काही जात नाही म्हणून विचारतोय."

कादिरभाईंनी युजीनच्या खिशाकडे पाहिलं. खिसा फुगलेला होता. युजीन काही बोलत नव्हता, आणि बोलायचं ठरवून आलेला माणूस एवढा वेळ गप्प राहत नाही, हे कादिरभाईंना पुरेसं होतं.

"हरवलेलं नाही, सर."

"मग आहे कुठे?"

"दिलेलं आहे." त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "ते बघा. तीनशे अठरा नंबरच्या कामगाराच्या नावावर आहे. शिकागोचा. बिल्ला लावलाय त्यानं रीतसर."

यज्ञेशनं कपाळाला हात लावला. "अहो, शिकागोचा कामगार मी आता कुठे शोधू?"

युजीनला मराठी येत नव्हतं, पण शिकागो कळलं. तो छताकडे बघू लागला, जणू तिथल्या पंख्याची पाती कुणीतरी त्याला मोजायला सांगितली होती.

"नवीन मागवावं लागेल, सर."

"नऊ आठवडे! म्हणजे त्या नऊ जणांचे इकामे पुन्हा वाढवा." यज्ञेश फोन कानाला लावत निघून गेला. जाता जाता वळून म्हणाला, "आणि तो फळा भंगारात टाका म्हटलं होतं ना मी?"

त्या दिवशी कादिरभाईंनी रजिस्टरात एक ओळ लिहिली: मास्टर गेज, नं. ३१८ कडे, येणे बाकी. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी पुढचे दोन महिने ते पान उघडलं की त्यांचे कान गरम व्हायचे.

रमजान आला, कामाचे तास कमी झाले. इकामे तीन महिन्यांनी वाढले. मालक यज्ञेशवर ओरडत राहिले, यज्ञेश बाकीच्यांवर. युजीननं चारही यंत्रं पुन्हा पुन्हा समपातळीत आणली, पुन्हा पुन्हा तेल घातलं. त्याच्या कराराची शेवटची सही यंत्रं पास झाल्याशिवाय होणार नव्हती, आणि घरी त्याची बायको फोनवर विचारायची, तिथं नक्की करतोस तरी काय? तौकीर आणि बाकीचे आठ जण रोज आठचे आकडे काढत राहिले. कुणालाच काही माहीत नव्हतं. तौकीर मात्र एकदा खिडकीशी म्हणाला, "बघा, तुमच्या शिकागोवाल्यानं काहीतरी गिळलं म्हणून माझी पोर परीक्षेला बसली. अल्ला त्याचं भलं करो."

"आमीन," कादिरभाई म्हणाले, आणि व्हर्नियर मागितला.

चार एप्रिलला नूरैनचा शेवटचा पेपर झाला. पाच तारखेला, दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी, युजीन खिडकीशी आला आणि करड्या रंगाचा एक मोजा फळीवर ठेवला. कादिरभाईंनी आतला ठोकळा काढला. इतकं गुळगुळीत पोलाद त्यांनी आयुष्यात हाताळलं नव्हतं. त्यांनी ते फडक्यावर ठेवलं, रजिस्टर उघडलं आणि नेल्याची तारीख विचारली. युजीननं सहा वर्षांपूर्वीची तारीख सांगितली, महिना-दिवसासकट. पुढच्या रकान्यात कादिरभाईंनी आजची लिहिली. मग फळ्यावरचा तीनशे अठरा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"मिस ओडेलला कळवतो," युजीन म्हणाला. "एक परत आलं म्हणून."

यज्ञेशला त्यानं कुठल्यातरी खोक्याची गोष्ट सांगितली. यज्ञेशला खरं-खोटं करायला वेळ नव्हता. तीन दिवसांत यंत्रं पास झाली. नऊ माणसं महिनाभर जेवढं घासायची तेवढं त्यांनी पाच दिवसांत घासून टाकलं, आणि कुणी कानाशी धरून बघितलं नाही. युजीन गेला त्या सकाळी लॅपिंगच्या टेबलांपाशी थांबला होता थोडा. नऊही जणांशी हात मिळवला. कुणाला कळलं नाही इतका वेळ तो हात का धरून ठेवतोय.

दोन आठवड्यांनी नऊ जण कागद घेऊन खिडकीशी रांगेत उभे राहिले. फायनल एक्झिटच्या आधी प्रत्येक खात्याची सही लागते: येणं-देणं काही नाही. टूल स्टोअरची सही कादिरभाईंची.

पहिला मल्याळी कुन्हीमोन. त्यानं सगळं परत केलं, टोक मोडलेली सुईसुद्धा, आणि त्याची वेगळी सही मागितली. दुसरा बिहारचा, साठीचा. त्यानं बाकीचं दिलं, पण घासायची लोखंडी पाटी छातीशी धरून उभा राहिला. वीस वर्षं तीच वापरून मधे खळगा पडलेली. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती ती. द्यायला हात पुढे करायचा, पुन्हा मागे घ्यायचा. मागचे चुळबुळू लागले.

कादिरभाईंनी रजिस्टर मिटलं.

"बिल्ला आहे ना?" ते हिंदीत म्हणाले. "लाव तिथं. आणि जा."

म्हाताऱ्यानं खिडकीतून हात आत घातला, कादिरभाईंनी दाखवलेल्या खिळ्याला बिल्ला अडकवला आणि पाटी घेऊन निघाला. कादिरभाईंनी त्याच्या कागदावर सही केली: येणं काही नाही. ती गोष्ट रांगेत मागेपर्यंत गेली.

तौकीर शेवटचा होता. त्यानं सगळी हत्यारं आणली होती, पुसून, मुठी समोर करून.

"काही नाही नेत?"

"मला काही नको, कादिरभाई. माझ्या नावावर आधीच एक आहे."

कादिरभाईंनी कमरेची किल्ली काढली. खण उघडला. मायक्रोमीटर फळीवर ठेवला.

तौकीरला तो ओळखायला एक क्षणही लागला नाही. "हा कुठं मिळाला?"

"कपाटामागे. तिसऱ्या महिन्यात. मीच ठेवला होता वर, नोंद राहिली."

"तिसऱ्या महिन्यात." तौकीरनं मनात वर्षं मोजली, ती त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून दिसली. "आठ वर्षं तुम्ही दर शुक्रवारी माझ्याकडे जेवलात."

"हो."

"आणि हे आता सांगताय. शेवटच्या दिवशी."

"हो."

कादिरभाईंना खूप सांगायचं होतं. मोज्याबद्दल, नऊ आठवड्यांबद्दल, लाल रेघेबद्दल. पण ते आत्ता सांगितलं तर हिशेब मिटवल्यासारखं होईल, आणि हा मिटण्यातला नाही हे त्यांना कळत होतं. तौकीरनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यानं मायक्रोमीटर उघडला, कानाशी नेऊन एकदा फिरवला, खिशात टाकला. मग सत्त्याहत्तर नंबरचा बिल्ला जाळीतून आत सरकवला, फळीवर, कादिरभाईंच्या हाताशी.

"लावा तुम्हीच," तो म्हणाला. "मला तुमचा खिळा सापडत नाही."

साबिराचा फोन त्या शुक्रवारी आला नाही. विमान शनिवारचं होतं.

पुढच्या आठवड्यात यज्ञेश मोजणीचा कागद घेऊन आला. जाळीतून आत बघत, बोट फिरवत त्यानं फळ्यावरचे, जुने काळवंडलेले सोडून, चकचकीत बिल्ले मोजले. सहा.

"कादिरभाई, सहा हत्यारं हरवली?"

"एकही नाही, सर. सहा दिलेली आहेत."

"त्या गेलेल्या माणसांना? अहो, ती कधी परत येणार?"

कादिरभाईंनी सत्त्याहत्तर नंबरचा बिल्ला खिळ्यावर सरळ केला.

"शिकागोवाल्यानं सहा वर्षं लावली, सर."

यज्ञेशचं बोट कागदावरच थांबलं. त्यानं फळ्याच्या तिसऱ्या ओळीत पाहिलं, जिथं आता गेज होतं आणि बिल्ला नव्हता. मग कादिरभाईंकडे. मग त्यानं पेन काढलं आणि तुटीच्या रकान्यात शून्य लिहिलं.